धबधब्याचं मुखदर्शन

आमच्या घराण्यात आजवर कुणी दोघंच मिळून कुठेही गेलेलं नाही. लग्नानंतर मी आणि शुभा महाबळेश्वरला गेलो तेव्हा आमच्याबरोबर आई होती, मावशी होती आणि मावशीचा दमा होता. खोली एकच मिळाली. खाटेवर आई आणि मावशी, जमिनीवर आम्ही नवरा-नवरी, आणि मावशीचा दमा सगळीकडे. याला आमच्याकडे मधुचंद्र म्हणतात. अजूनही विषय निघाला की आई कौतुकाने सांगते, "आमी गेल्लों ना म्हाबळेश्वराक! काय मजा इली!"

लालबागच्या आमच्या चाळीत माझी बायको म्हणजे सार्वजनिक मालमत्ता आहे. "शुभावहिनी, जरा दुधाकडे बघता का?" "शुभाकाकी, आमची किल्ली तुमच्याकडे आहे ना?" "गो शुभा, माझो चष्मो खंय?" (ही शेवटची हाक आईची. चष्मा आईच्या डोळ्यांवरच असतो.) सकाळी नळाला पाणी आल्यापासून तिच्या नावाचा जो गजर सुरू होतो, तो ती आडवी होईपर्यंत थांबत नाही. या बाईने संसारात माझ्याकडे कधी दागिना मागितला नाही की भारी साडी मागितली नाही. एकदाच, गॅलरीत कपडे वाळत घालताना ती म्हणाली होती,

"अहो, मोठ्या धबधब्यासमोर म्हणे इतका आवाज असतो, की कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. खरं का हो?"

"असेल," मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो.

"मला एकदा तिथे जाऊन बसायचंय. अर्धा तास. काही न करता, नुसतं."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली आणि ती ओला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून गेली. तो टॉवेल खांद्यावर घेऊन मी बराच वेळ बसून होतो. इतकं साधं मागणं, आणि तेही आपल्याला जमलेलं नाही, हे मनाला लागलं. यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. आमची लेक बंगळुरात नोकरीला असते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईला घेऊन कुठेतरी जा. आणि प्लीज, दोघंच जा!" मी म्हटलं, ठरलं. धबधबा दाखवायचा. दोघांनीच जायचं. कुणाला कळू द्यायचं नाही.

आमच्या ऑफिसात एक गोखले आहे. दर शनिवारी डोंगरात जातो आणि सोमवारी लंगडत येतो. त्याने सांगितलं, "भंडारदऱ्याला जा. वर डोंगरात मोठा जलाशय आहे, आणि त्याच्या भोवतीने जिकडे बघशील तिकडे धबधबे. पहिला रस्त्यालाच आहे, तिथे जत्रा असते. दुसऱ्याला थोडं चालावं लागतं, तिथे निम्मी माणसं. तिसऱ्याला चांगलीच पायपीट आहे. तिथे फक्त तू, वहिनी आणि वरचा देव!"

मी तिसऱ्यावर शिक्कामोर्तब केलं. शुभाला सांगितलं, आणि त्या रात्री आमटीत दोनदा मीठ पडलं.

मग मी एक घोडचूक केली. दोन नवे रेनकोट आणले, आणि त्यांना प्लास्टिकचा वास येतोय म्हणून ते गॅलरीतल्या दांडीवर टांगले. चाळीत राहून इतकी वर्षं झाली तरी मला अक्कल आलेली नाही. चाळीची गॅलरी म्हणजे वर्तमानपत्राचं पहिलं पान. तिथे दोन रेनकोट टांगणं म्हणजे जाहिरात देणं!

"विजूभावजी, दोन नवे रेनकोट?" शेजारच्या पाटकरवहिनींनी विचारलं. "आणि तेही जांभळे? जोडीचे?"

"सेलमध्ये होते."

"ऑफिसला जांभळा रेनकोट घालणार?"

"हो."

"आणि शुभावहिनी कुठल्या ऑफिसला जाणार?"

तोवर मजल्यावरच्या सगळ्या दारांतून एकेक डोकं बाहेर आलं होतं. संध्याकाळपर्यंत भंडारदरा चाळभर झाला, आणि दिवेलागणीला बाळाकाका आले.

बाळाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात दर्शनाची रांग लावण्याचं काम गेली तीसेक वर्षं त्यांच्याकडे आहे. गिरणी सुटली, केस सुटले, दात सुटले, पण काकांची रांग काही सुटली नाही. भाद्रपदात त्यांचं रूप बघण्यासारखं असतं. गळ्यात शिट्टी, हातात दोरी, आणि तोंडात एकच मंत्र: "चला पुढे, थांबू नका!" एरवी वर्षभर काका बिचारे मवाळ असतात. पण श्रावण लागला की त्यांचे हात शिवशिवायला लागतात, आणि हे सगळं घडलं ते नेमकं श्रावणात.

"काय रे झिला, माका न सांगता चललस?"

"काका, आम्ही दोघंच..."

"दोघांच?" काकांनी असा चेहरा केला की जणू मी संन्यास घेतोय. "वाटेत काय झाला म्हंजे? आणि तुझ्या आवशीक एकटी टाकून? शेजाऱ्यांका काय वाटात?"

"शेजाऱ्यांना काही वाटणार नाही, काका."

"वाटतं हो!" पाटकरवहिनी दारातूनच म्हणाल्या. "आम्हाला फार वाटतं!"

त्यानंतर माझं कुणी ऐकलं नाही. शनिवारसाठी मी सांगितलेली छोटी गाडी परस्पर रद्द झाली आणि तिच्या जागी टेम्पो ट्रॅव्हलर आली. मी तोंड पाडून शुभाकडे गेलो. मला वाटलं होतं की ती रडेल, निदान भांडेल तरी. ती शांतपणे नारळाच्या वड्या थापत होती.

"येऊ देत हो," ती म्हणाली. "तिसऱ्या धबधब्यापर्यंत यांतलं कोण चालतंय?"

मला माझ्या बायकोचा इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

शनिवारी आम्ही उजाडताच निघणार होतो. पण पाणी भरल्याशिवाय आई घर सोडत नाही, आणि पाणी त्या दिवशी उशिरा आलं. पिंप भरलं, कळशा भरल्या, पातेली भरली. शेवटी आईने वाट्यासुद्धा भरून ठेवल्या. मग गाडीच्या चाकासमोर नारळ ठेवून काकांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज धबधब्याक चललीत, तेंका सुखरूप ने आणि सुखरूप आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी गाडी ओरडली.

"गाडयेचो टायर, गाडयेचो ब्रेक, आणि ह्या डायवराची झोप, सगळ्याची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात ड्रायव्हरचा आवाज सगळ्यात मोठा होता. काकांनी देवाला घाटातल्या दरडीपासून पाटकरवहिनींच्या ॲसिडिटीपर्यंत सगळं सांगितलं. शुभाला अर्धा तास निवांत मिळू दे, एवढं मात्र त्यात कुठेच आलं नाही. ते मी मनातल्या मनात घातलं, पण त्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणी नव्हतं.

घाट चढून आम्ही वर पोचलो आणि गाडीतली सगळी डोकी एका बाजूच्या खिडक्यांकडे वळली. समोर तो जलाशय पसरला होता. त्याच्यावर ढग इतके खाली उतरलेले, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. काठाने हिरवीगार भातखाचरं, आणि मागच्या काळ्या कड्यांवरून जागोजागी पांढऱ्या धारा. शुभाने खिडकीची काच सरकवून हात बाहेर काढला. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं की आजचा दिवस सार्थकी लागणार.

पहिल्या धबधब्याला गोखलेने सांगितल्याप्रमाणे जत्राच होती. गाड्यांवर गाड्या, भाजलेली कणसं, आणि चार वेगवेगळ्या स्पीकरवर चार वेगवेगळी गाणी. पाण्याचा आवाज ऐकू यायची सोयच नव्हती. पाटकरवहिनींना गरम कांदाभजीचा वास आला आणि त्या तिथेच बसल्या. त्या बसल्या म्हणून त्यांच्या मागे मजल्यावरची इतर मंडळी बसली.

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी भजी फुंकत म्हणाल्या. "आम्हाला कुठलाही धबधबा चालतो."

शुभाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. राहिलो कोण? आम्ही दोघं, आई आणि काका. म्हातारी माणसं दुसऱ्या धबधब्याला नक्की गळणार, असा आमचा हिशेब.

इथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं. दुसऱ्या धबधब्याची वाट खाचरांच्या बांधावरून होती, आणि ती सगळी चिखल. आई आणि काका आयुष्यभर चाळीचे जिने चढून-उतरून टणक झालेले. ते दोघं टुणटुण पुढे! मी आयुष्यभर खुर्चीत बसून कारकुनी केलेला. पहिल्याच वळणावर माझा डावा बूट चिखलात राहिला आणि पाय एकटाच पुढे गेला. तो बूट काढायला मी वाकलो, तर मीच खाचरात बसलो. बांधावरून चाललेली एक कॉलेजची पोरगी म्हणाली, "अंकल, भात लावायला आलात का?"

दुसऱ्या धबधब्याला पोचलो तेव्हा आई त्याच्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी होती. धबधबा मोठा देखणा होता, पण आईच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, संताप होता.

"अगो बाय माझ्ये! केवढा पाणी वाया जाता!"

"आई, ते वाया जात नाही. खाली जलाशयात जातं."

"किती वाजेपर्यंत येता ह्या पाणी?"

"दिवसभर येतं आई. रात्रीसुद्धा."

"दिवसभर?" आईला हे पटेना. तिने आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं. "आणि कोण भरीत नाय?"

तिने पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढल्या आणि भरायला सुरुवात केली. सगळ्या बाटल्या भरल्या, मग डबे रिकामे करून तेही भरले. शेवटचा डबा भरेपर्यंत आई नखशिखान्त भिजली आणि कुडकुडायला लागली. शुभाने लगेच आपला जांभळा रेनकोट काढून सासूच्या अंगावर चढवला. स्वतःला तिने एका पोत्याएवढ्या बारक्या टपरीतून प्लास्टिकचा पारदर्शक झगा घेतला. तो झगा त्या दिवशी त्या डोंगरावर निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगावर होता. (एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

"आई, काका, तुम्ही बसा आता इथेच," मी धापा टाकत म्हणालो. "पुढची वाट फार कठीण आहे."

"माका काय झाला बसूक?" आई म्हणाली. "तुका बसूचा आसा तर बस. आमी शुभाक घेवन जातो."

म्हणजे आमच्या हिशेबात आता गळायचा तो मीच होतो! मी उठलो.

तिसऱ्या धबधब्याची वाट चढाची, दगडांची आणि शेवाळाची होती. मी दोन्ही हात आणि दोन्ही पाय वापरून चढलो, आणि मधूनमधून हनुवटीही वापरली. शुभा मात्र न थांबता चढत होती. वरून तो आवाज यायला लागला. आधी घरघर, मग गडगड, आणि मग दुसरं काही ऐकूच येईना. शुभाने मागे वळून काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. तिने हसून दोन्ही हातांनी खूण केली: ऐकू येत नाही! लहान मुलगी हसते तशी ती हसली. मी ते शेवटचं टेकाड चढून वर आलो आणि समोर बघून मटकन खाली बसलो.

तिसऱ्या धबधब्यावर कुणी नसतं, ही बातमी सगळ्या मुंबईला कळलेली होती! ज्याच्या त्याच्या ऑफिसात एकेक गोखले असावा. धबधब्याच्या पुढ्यात खडकाचा एक सपाट तुकडा होता, जेमतेम पाच-सहा माणसं उभी राहतील एवढा. तिथे जायची पायवाट एका माणसाची. आणि त्या पायवाटेवर, त्या तुकड्यावर, वरच्या झुडपांत, जिथे पाय ठेवता येईल तिथे माणसं! ढकलाढकली चालली होती. एक जाडा गृहस्थ घसरून दुसऱ्याच्या मांडीवर बसला होता आणि तिथून उठायला तयार नव्हता.

"चला, परत जाऊ या," मी शुभाच्या कानाशी ओरडलो.

"थांबा ना थोडं," ती कानाशी ओरडली. "होईल गर्दी कमी."

तेवढ्यात माझं लक्ष काकांकडे गेलं. काका त्या गर्दीकडे बघत होते. त्यांचे डोळे चमकत होते, छाती फुगली होती, आणि उजवा हात शर्टाच्या आत काहीतरी शोधत होता. शिट्टी बाहेर आली. मग पिशवीतून दोरी आली. (श्रावणात काका शिट्टी आणि दोरीशिवाय भाजी आणायलाही जात नाहीत.)

फुर्रर्र!

"ह्येका काय रांग म्हणतत? ओ भाऊ, मागे! ओ मॅडम, डावीकडे! बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला!"

कुणीतरी ओरडेल, कुणीतरी काकांना गप्प करेल, अशी मी वाट बघत होतो. कसचं काय! मुंबईच्या माणसाला रांग दिसली की तो आधी उभा राहतो आणि मग विचारतो की कशाची आहे. काकांनी झाडाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक दगडाखाली दाबेपर्यंत दोन सुरेख रांगा लागल्याही.

"ज्यांना लांबून बघायचा आहे त्यांची ही मुखदर्शनाची रांग!" काका गरजले. "ज्यांना खाली उभं राहून भिजायचा आहे त्यांची ती नवसाची रांग! फोटोवाले सगळ्यात शेवटी!"

"काका," मी त्यांचा हात धरून कानाशी ओरडलो, "शुभाला आधी जाऊ द्या ना. तिच्यासाठीच आलोय आपण."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझीच लाज वाटली.

"विजू, तीस वर्षांत मी घरच्या माणसाक कधी रांगेत पुढे घुसवलंय? कार्यकर्त्याच्या घरचा माणूस शेवटाक! नायतर लोक बोंब मारतीत." मग ते शुभाकडे वळले. "सूनबाई, तू रांगेच्या टोकाक उभी रव. आणि विजू, तू पुढे जा. धबधब्यापाशी. कोणाक थांबूक देव नको."

"मी? काका, मी शुभाबरोबर..."

"दहा मिनिटां! रांग चालूक लागली की मोकळो तू."

त्यांनी गळ्यातली दुसरी शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. (होय, दोन होत्या.)

"अहो, येताय ना?" शुभाने विचारलं.

"आलोच," मी म्हणालो. या शब्दाला काही अर्थ नसतो हे नवऱ्यांना माहीत असतं आणि बायकांनाही.

मी धबधब्यापाशी जाऊन उभा राहिलो. तुषारांनी चष्मा असा भरला की काही दिसेना, म्हणून तो काढून खिशात ठेवला. आता माणसांचे नुसते पुसट आकार दिसायला लागले. सुरुवातीला मी फार सौम्य होतो. "कृपया, जरा पुढे होता का?" असं म्हणत होतो. कुणी हलत नव्हतं. मग एकदा शिट्टी वाजवून बघितली. माणसं हलली! पुन्हा वाजवली. पुन्हा हलली! आयुष्यात माझ्या शब्दाने ऑफिसातला शिपाई कधी हलला नाही, आणि इथे एका फुंकरीसरशी कुलाब्यापासून कल्याणपर्यंतची माणसं पुढे सरकत होती. आपल्या अंगात काकांचं रक्त आहे याची मला त्या क्षणी खात्री पटली.

"दादा, एकच सेल्फी!"

"घरी जाऊन काढा!"

"घरी धबधबा नाही ना!"

"त्याला मी काय करू? चला पुढे, थांबू नका!"

पुढे पुढे तर प्रकरण हाताबाहेर गेलं. रांग लागली आहे, शिट्टी वाजते आहे, म्हणजे पुढे काहीतरी देवाचं असणार, अशी मागच्यांची समजूत झाली. लोक खडकाच्या अलीकडे चपला काढायला लागले. कुणीतरी जास्वंदीचं फूल आणून कपारीत ठेवलं. टेकाडाच्या पलीकडे आई (हे मला नंतर कळलं) नारळाच्या वड्या वाटत होती, कारण डब्यांत पाणी भरल्यामुळे त्या ठेवायला जागा नव्हती. लोक ती वडी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावत होते, आणि जांभळ्या रेनकोटातल्या आईच्या पाया पडत होते. आई प्रत्येकाला आशीर्वाद देत होती.

एका सज्जन गृहस्थांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "नवसाला पावतो का हो?"

"माहीत नाही. पुढे चला!"

ते हात जोडून पुढे गेले. मागून कुणीतरी "मोरया!" म्हणून आरोळी ठोकली आणि दोन्ही रांगांनी तिला साथ दिली. धबधब्याचा आवाज क्षणभर खाली बसला.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मधूनमधून मला शुभाची आठवण येई आणि मी डोळे बारीक करून रांगेच्या टोकाकडे बघे. जांभळं काही दिसायचं नाही. येईल तेव्हा येईल, असं म्हणून मी पुन्हा शिट्टी वाजवी. ती आली की तिला बाजूच्या दगडावर बसवायचं, कुणाला तिच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, हे मी पक्कं ठरवून ठेवलं होतं.

तेवढ्यात एक बाई आली. पारदर्शक झगा, डोक्यावर टोपी ओढलेली. तिने फोटो काढला नाही, हात जोडले नाहीत, ओरडली नाही. नुसती उभी राहिली आणि पाण्याकडे बघत राहिली. रांगेला असं माणूस सगळ्यात घातक. फोटो काढणारा निदान फोटो झाल्यावर तरी हलतो.

"ओ ताई, चला पुढे."

ती हलली नाही.

"ओ ताई! मागे लोक आहेत ना! चला, थांबू नका!"

बाईने वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, भांडणार ही. मी भांडणाला संधीच दिली नाही. थेट तिच्या कानाशी जोरात शिट्टी फुंकली आणि हाताने उतरणीची वाट दाखवली. ती खाली मान घालून गेली. काय एकेक माणसं असतात, असं म्हणून मी पुढच्याकडे वळलो.

मग वरच्या वाडीतली दोन-तीन माणसं हातवारे करत धावत आली. वर पाऊस वाढला होता, पाणी चढत होतं. सगळ्यांनी ताबडतोब उतरा, म्हणाली. काकांनी शेवटची लांब शिट्टी दिली आणि बघता बघता तो खडक रिकामा झाला. इतकी शिस्तीची गर्दी आपण जन्मात पाहिली नाही, असं त्यातला एक म्हातारा काकांना म्हणाला. काकांचे डोळे भरून आले.

मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि शुभाला शोधायला धावलो. ती खाली उतारावर एका दगडावर बसली होती. अंगात पारदर्शक झगा, टोपी मागे टाकलेली. तो झगा मी ओळखला. तरी मी वेड पांघरून पेडगावला जायचा प्रयत्न केला.

"शुभा! अगं, तुझा नंबरच नाही आला ना? पाणी वाढलं बघ..."

"आला ना," ती म्हणाली. "माझं झालं दर्शन."

"कधी?"

"तुम्ही ताई म्हणालात तेव्हा."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

"मला आधी वाटलं, मस्करी करताय," शुभा झग्याच्या कडेचं पाणी पिळत म्हणाली. "म्हणून वळून बघितलं. मग तुम्ही शिट्टी मारलीत."

"तुला... ऐकू आली?"

"तिथे दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं हो. तुमची हाक आणि शिट्टी, तेवढंच आलं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चार माणसांत तोंडात मारली असती तरी मी वाकून घेतली असती. पण ती उठली, चिखलाने भरलेला माझा हात धरला आणि मला उतारावरून सांभाळून खाली आणायला लागली, कारण मला उतरता येत नव्हतं. वाटेत मी म्हणालो, "आपण पुढच्या आठवड्यात परत येऊ. दोघंच." ती म्हणाली, "बघून पाय टाका, तिथे शेवाळ आहे." मी बघून पाय टाकला.

गाडीत पाटकरवहिनींनी विचारलं, "काय शुभावहिनी, कसा होता तिसरा धबधबा?"

"रांग छान होती," शुभा म्हणाली.

"होती मगे!" काका सीटवरून उठूनच उभे राहिले. उतारावर आमच्या मागेच असलेल्या आईने सगळं ऐकलं होतं, आणि तिच्याकडून ती हकीकत त्यांना वाटेत कळली होती. "आणि ह्या विजूचा काय सांगू! एका माणसाक थांबूक दिल्यान नाय! सख्ख्या बायलेक सोडल्यान नाय पठ्ठ्यान! असो कार्यकर्तो शोधून गावूचो नाय. मी आत्ताच सांगतंय, यंदा गणपतीत मूर्तीच्या पायाकडे विजूच उभो रवतलो!"

सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या. शुभानेही वाजवल्या.

"नक्की उभे करा हो यांना, काका," ती म्हणाली. "मी यंदा टीव्हीवरूनच दर्शन घेईन."

गाडीत हशा पिकला. मी शरमेने खिडकीबाहेर बघत बसलो. आणि आता लपवून काय उपयोग, पायाकडची जागा आजवर आमच्या मजल्यावर कुणालाच मिळाली नव्हती, तेव्हा त्या तसल्या अवस्थेतही मला मनातून थोडा आनंद झालाच.